‘एकदा टॅब्युलर मारा, प्रूफ विसरा’ म्हणणाऱ्यांना

राजारामपुरीत माझ्या भाच्याचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम चालतं. सप्टेंबरअखेरच्या आत सर्वसाधारण सभा उरकायची म्हणून पतसंस्था आणि दूध संस्थांचे अहवाल एकदमच अंगावर येतात. त्या गडबडीत त्याचा फोन आला, “मामा, सगळ्या मॅटरला टॅब्युलर मारलंय. आता परत प्रूफ बघाय नको.” कुणी सांगितलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय.

तो मेसेज मलाही दोन ग्रुपवरून आला होता. थोडक्यात असा: फॉन्टमधला टॅब्युलर, म्हणजे सारख्या रुंदीच्या आकड्यांचा पर्याय अख्ख्या मॅटरला लावा, रकाने आपोआप जुळतात, आकडा ओळीच्या शेवटी तुटत नाही, पानं हलत नाहीत आणि हे कुठल्याही फॉन्टला चालतं. खाली तीन अंगठे.

रकान्यांचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. टॅब्युलरमध्ये प्रत्येक आकड्याला सारखीच जागा मिळते, मग तो १ असो की ८. म्हणून ठेवींच्या तक्त्यात एककाखाली एकक बसतं. पण ‘आपोआप’ कसलं? रकाना डावीकडून लावलेला असेल तर ९८,५०० आणि १,०२,५०० कधीच जुळणार नाहीत. तो उजवीकडून लावायचा आणि पैसे असतील तर डेसिमल टॅब, म्हणजे दशांश चिन्हाखाली चिन्ह आणणारा टॅब द्यायचा. बेरजेची ओळ बोल्ड केली की पुष्कळ फॉन्टांत आकड्यांची रुंदी बदलते, तेही बघायचं. कर्निंग, म्हणजे ठरावीक जोड्यांमधली जागा कमी-जास्त करणं, चालू असेल तर आणखी गंमत. एरियलचे इंग्रजी आकडे मुळातच एका रुंदीचे आहेत, तरी दोन ‘एक’ शेजारी शेजारी आले की कर्निंग त्यांना जवळ ओढतं आणि तेवढीच रक्कम रकान्यातून सरकते.

आकडा तुटत नाही हा दावा तर उगाचच टॅब्युलरच्या नावावर खपवलाय. ओळ कुठं तोडायला परवानगी आहे, हे आकड्याच्या रुंदीवर ठरत नाही. संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं कशी साठवायची याचं प्रमाण म्हणजे युनिकोड. त्याचं ओळी तोडण्याबद्दलचं १४ क्रमांकाचं परिशिष्ट आहे, ते उघडून बघा. तिथं प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलाय आणि इंग्रजी व देवनागरी आकडे एकाच वर्गात आहेत. आकडा, स्वल्पविराम, पुन्हा आकडा अशी रांग असेल तर मध्ये तोडू नये, असा नियम आहे. म्हणजे हा नियम पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १,२५,००० टॅब्युलरशिवायही अखंडच राहतो. टॅब्युलर फक्त आकड्याचं चित्र बदलतं, खालचा मजकूर तोच असतो. खरी अडचण होते ती ‘रु.’ या ओळीत आणि ‘५००’ पुढच्या ओळीत गेल्यावर, कारण मध्ये साधी स्पेस असते. तिथं न तुटणारी स्पेस टाका, काम झालं.

‘कुठल्याही फॉन्टला’ हे दोन वाक्यांत उरकतो. फॉन्ट बनवणाऱ्यानं ती सोय आत ठेवली असेल तरच चालते, युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांत तिचा पत्ताच नसतो. काही फॉन्टांत ती फक्त इंग्रजी आकड्यांना असते आणि तुम्ही देवनागरीवर टिचक्या मारत बसता.

आता पानं हलत नाहीत, हे. असं लिहिणाऱ्यानं आयुष्यात एक तरी फॉर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच लावलाय का? रुंदी बदलली की ओळीत मावणारा मजकूर बदलणारच. अध्यक्षांच्या मनोगतात तर साल, टक्के आणि रकमा ठासून भरलेल्या. अरुंद १ ला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळाली आणि २०११ मधले दोन एक एकमेकांशी भांडण झाल्यासारखे लांब उभे राहिले. केसभर जागा कमी पडली की शब्द खाली ढकलला जातो, परिच्छेद एका ओळीनं वाढतो, ती ओळ पुढच्या पानावर जाते आणि अनुक्रमणिका खोटी पडते. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमधला पॅराग्राफ कंपोझर तर ओळी कुठं तोडायच्या हे ठरवताना अख्ख्या परिच्छेदाचा एकत्र विचार करतो. पाचव्या ओळीतल्या आकड्यापायी दुसरी ओळ बदलू शकते. वाचून झालेलं प्रूफ तिथंच बाद.

भाच्यानं वर शहाणपणा केला. हललेल्या ओळी शिफ्ट-एंटर मारून, म्हणजे जबरदस्तीनं तोडून जागेवर आणल्या. मी टॅब्युलर काढायला लावलं तेव्हा आकडे पूर्ववत झाले, पण शिफ्ट-एंटर तसेच राहिले. जस्टिफाय केलेलं मॅटर, त्यामुळं चार शब्दांची ओळ ताणून रकानाभर पसरलेली. रात्री बारापर्यंत आम्ही दोघं ते एकेक शोधून काढत होतो.

शेवटी टॅब्युलर फक्त तक्त्यांच्या स्टाइलमध्ये ठेवलं, रनिंग मॅटरला प्रपोर्शनल, म्हणजे ज्याच्या त्याच्या रुंदीचे आकडे, आणि प्रूफ पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. सभेची नोटीस तोवर निघाली होती. अहवाल दोन दिवस उशिरा गेला.