पडद्यावर काय लिहिलंय?

कॉम्प्युटर बिघडल्यावर काय करावं, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. काय बिघडलंय हे मात्र कुणी विचारत नाही. सावंतकाका हातात खोडरबर घेऊनच येतात. नाईकवहिनी दारातूनच अँटीव्हायरसचं नाव सांगतात. लिफ्टमध्ये भेटलेला आठवीतला मुलगा “फॉरमॅट मारा” एवढं बोलून तिसऱ्या मजल्यावर उतरून जातो.

यावेळची तक्रार तशी सोपी होती. वीजबिल भरायला बसले, तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं की तुमचं कनेक्शन खाजगी नाही. बँकेच्या साइटवर गेले, तिथेही तेच. रेल्वे, तेच. अळूवडीची कृती शोधली, तिथेही खाजगी नाही. गोरेगावच्या वन बीएचकेत आम्ही तिघं राहतो. इथे घोरणंसुद्धा कुणाचं खाजगी नसतं, म्हणून आम्ही ते फारसं मनावर घेतलं नाही. मोठ्या अक्षरांखाली बारीक इंग्रजीत आणखी बरंच काही होतं. ते वाचायचं असतं असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. विम्याचे कागद आपण वाचतो का?

पहिला उपाय ह्यांचा. हे मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे ज्याला वायर आहे त्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा हक्क. त्यांनी राउटरवर संशय घेतला. राउटर आधी टीव्हीवर गेला, मग फ्रिजवर, मग देव्हाऱ्याच्या बाजूला. ह्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. जुना वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही जवळपास तिथेच, आणि त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या बिल्डिंगचं पार्किंगही असंच, जागा तीन आणि गाड्या प्रत्येक घरात. पण त्याने वायफाय रखडतो, खाजगीपणाचा प्रश्न उभा राहत नाही. राउटर देव्हाऱ्याशेजारी राहिला. तिथे निदान उदबत्तीचा वास येतो.

मग सावंतकाका. सावंतकाकांचा एकच उपाय आणि तो कुठल्याही आजाराला. सीपीयूचं झाकण काढायचं, आतली रॅमची पट्टी उपसायची आणि तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं. हसू नका. मुंबईच्या दमट हवेत त्या दातांवर थर चढतो, पट्टीचा बोर्डाशी संपर्क तुटतो, मशीन नुसतं बीप करतं आणि पडदा काळाच राहतो. अशा वेळी खोडरबर खरोखर काम करतं. मागच्या पावसाळ्यात ह्याच खोडरबराने आमचं मशीन उठवलं होतं. तेव्हापासून काका प्रिंटर अडकला तरी रॅम पुसतात. यावेळीही पुसली. आत पंख्यात कबुतराचं पीस सापडलं, ते त्यांनी विजयी मुद्रेने सगळ्यांना दाखवलं. पीस गेलं, पंख्याचा आवाज कमी झाला, अळूवडी खाजगी नाही ती नाहीच.

रात्री पुण्याहून निनादचा फोन.

“आई, टास्कबारवर राइट क्लिक कर.”

“केलं.”

“काय आलं?”

“काही नाही.”

“राइट क्लिक म्हणजे उजवं बटण.”

“मला उजवं-डावं कळतं. तुला कळत नव्हतं तेव्हा तुझे बूट मीच घालून देत होते.”

“बरं. स्क्रीनवर काय लिहिलंय?”

“इंग्रजी.”

“काय इंग्रजी?”

“नेहमीचं.”

तिकडून मोठा श्वास ऐकू आला. “तू एक ॲप डाऊनलोड कर, मी इथून कंट्रोल घेतो.”

“त्यासाठी साइट उघडावी लागेल ना?”

“हो, उघड.”

“ती म्हणते, कनेक्शन खाजगी नाही.”

“मग बंद करून चालू केलंस का?”

“तुझे बाबा रोज रात्री बंद करतात. भिंतीवरचं बटणसुद्धा.”

इथे त्याने एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला पटली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाऊन’ केलं तरी मशीन सहसा पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून ते आपल्या पोटातला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढे चालू करतं. त्यामुळे आदल्या दिवशीची अडगळही तशीच राहू शकते. खरी आंघोळ ‘रिस्टार्ट’ने होते. ह्यांना हे ऐकून धक्का बसला. इतकी वर्षं रात्री बंद केलेलं ते यंत्र नुसतं डोळे मिटून पडायचं म्हणजे! रिस्टार्ट केलं. कनेक्शन नव्या उत्साहाने खाजगी नव्हतं.

शेवटी लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवाला आपल्यालाच पत्ता विचारतो. लॉर्ड लॅमिंग्टन इथे गव्हर्नर होता १९०३ ते १९०७. एवढ्याशा नोकरीवर नाव इतकं टिकवणारा सरकारी माणूस दुसरा दाखवा. सीपीयू जुन्या चादरीत बांधून आम्ही दुपारच्या लोकलने निघालो. गर्दी नव्हती म्हणून ह्यांनी तो मांडीवर घेतला. समोरच्या माणसाने अंधेरीपर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, “बाजा है क्या?”

ग्रँट रोडला उतरून आम्ही एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलाने चादर सोडली, कॅबिनेटवर टिचकी मारली आणि वायर न लावताच निदान केलं, “अंकल, इसमें अब कुछ नहीं रहा.” विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती ह्या मशीनमध्ये नाही, म्हणून नवीन घ्या. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त आमच्या वीजबिलाशी त्याचा काही संबंध नव्हता. ह्यांनी चादरीला पुन्हा गाठ मारली.

घरी येऊन वायरी जोडल्या, पडदा उजळला, आणि अप्पा दुधाचा हिशेब बघायला आले. माझे सासरे गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. अजूनही भेळेचा कागद उलगडून वाचतात आणि मग भेळवाल्याला त्यातल्या चुका सांगतात. हिशेबाची पिवळी चिठ्ठी ह्यांनी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवलेली असते. अप्पांनी ती सोडवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “सूनबाई, आज काय तारीख?”

मी सांगितली.

“इथे १ जानेवारी २०१५ छापलंय.” मग त्यांचं बोट वर सरकलं. “आणि ही बारीक ओळ. शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असं आहे. आठवडाभर हे समोर आहे आणि तुम्ही कुणी प्रूफ बघितलं नाही?”

कुणी काही बोललं नाही. हे चिठ्ठीकडे बघत राहिले.

नंतर निनादने उलगडून सांगितलं. प्रत्येक साइटचं एक प्रमाणपत्र असतं, त्याला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०१५ सालात बसलेल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो कुणावरच विश्वास ठेवत नाही. आणि तो २०१५ मध्ये गेला कसा? मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, ती घड्याळ चालू ठेवते. भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळाला तिथून वीज मिळते, बॅटरीला आराम. आमच्याकडे वीज वाचवायला रोज रात्री बटण बंद, म्हणजे रात्रपाळी सगळी बॅटरीची. ती काही वर्षांनी संपली, आणि आमच्या हॉलमध्ये रोज सकाळी नवीन वर्ष सुरू व्हायला लागलं.

बॅटरीवर सीआर २०३२ असा आकडा होता. तोही अप्पांनी वाचला, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. आमच्याच बिल्डिंगच्या खाली बसणाऱ्या घड्याळवाल्याकडे ती वडापावाच्या हिशेबात मिळाली. सावंतकाकांनी झाकण उघडलंच होतं, तर जाता जाता रॅमही पुसून घेतली.

वीजबिल भरलं. बटणाचं काय करायचं यावर घरात अजून एकमत नाही.

बातमी मात्र बिल्डिंगभर झाली. दुसऱ्याच दिवशी नाईकवहिनी प्रिंटर घेऊन अप्पांकडे. नवीन कार्ट्रिज घातलं, केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, तरी छापत नाही. अप्पांनी प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाले, “वहिनी, कागद घाला म्हणतोय.”

कागद घातला. पान बाहेर आलं, ते सोसायटीला द्यायच्या गळतीच्या तक्रारीचं होतं. अप्पांनी खिशातलं लाल पेन काढून पहिल्याच परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या एवढ्या खुणा केल्या की वहिनींना ते पुन्हा छापणं भाग पडलं. दुसरं पान अर्ध्यात थांबलं. पडद्यावर नवीन ओळ आली, अप्पांनी ती मोठ्याने वाचली. पिवळी शाई संपली होती. काळ्या अक्षरांतला तक्रारअर्ज छापायला पिवळी शाई कशाला लागते, हे मात्र त्या पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. अप्पांनी दोनदा बघितलं.