आमच्याकडे पाणी येत नाही

बडोद्यात घर असेल तर घराचा विमा काढायच्या फंदात पडू नका. कारण तुमचं घर उंचावर आहे. बडोद्यात सगळ्यांचीच घरं उंचावर आहेत. अकोट्यात विचारा, समाला विचारा, वडसरला विचारा, जो तो सांगेल, "आमच्याकडे पाणी येत नाही हो, ते पलीकडच्या सोसायटीत येतं." पलीकडचे अलीकडे बोट दाखवतात. मग विश्वामित्री नदीला जायला जागाच उरत नाही आणि ती बिचारी दर काही वर्षांनी सरळ दिवाणखान्यात येऊन बसते.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तेव्हा आली. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी ३५ फुटांच्या वर चढली, तेव्हा तर मगरी बरोबर घेऊन आली. त्यातली एक अकोट्याच्या बाजूला घराच्या छपरावर जाऊन बसली होती. तिचं घर तरी खरोखर उंचावर होतं. पण हे सगळे अपवाद. आमच्या शेजारचे भाई म्हणतात तसं, "कशुं नहीं थाय", म्हणजे काही होत नाही. या तीन गुजराती शब्दांना हप्ता लागत नाही, नूतनीकरण लागत नाही, नि त्यांवर जीएसटीही नाही. वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. घराच्या विम्यावर १८ टक्के आहे तसाच आहे. सरकारलासुद्धा वाटतंय की तुम्ही काढू नये, आता बोला.

तरी पुण्याची लेक रोज फोनवर मागे लागली असेल, तर निदान रीतसर चुका करा.

सुरुवातीला, आपला विमा आधीच झालेला आहे असं धरून चाला. गृहकर्ज घेताना बँकेत बत्तीस ठिकाणी सह्या केल्या होत्यात, त्यात एक विम्याची होती. कशाच्या विम्याची, हे मात्र विचारू नका. बहुधा ती तुमच्या जिवाची असते: तुम्ही गेलात तर कर्ज फिटावं म्हणून. घर गेलं आणि तुम्ही राहिलात, तर त्या पॉलिसीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तिचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, म्हणजे त्यावर तुम्ही वीस वर्षं व्याजही भरता. आणि समजा तो खरंच इमारतीचा निघाला, तरी पॉलिसीवर बँकेचं नाव चढवलेलं असतं आणि दाव्याचे पैसे आधी तिच्याकडे जातात. अमुकच कंपनीचा विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हे ठाऊक असलं तरी गप्प बसा. साहेब ओळखीतले असतात.

आता रक्कम. इथे आमच्या मामांचा कित्ता गिरवावा. त्यांनी एजंटला सांगितलं, "घर ऐंशी लाखांचं आहे, ऐंशी लाखांचाच काढ." घराचा भाव विचारला की मामांची छाती चार इंच फुगते, ती छातीसुद्धा त्यांना विम्यात धरायची होती. एजंट म्हणाला, जमीन जळत नाही की वाहून जात नाही, तिचा विमा होत नाही. चटई क्षेत्रफळ किती चौरस मीटर आणि तेवढं बांधायला आज किती पडेल, एवढाच हिशेब. शंभर चौरस मीटर आणि मीटरला वीस हजार धरले, तर वीस लाख. मामांना हा अपमान वाटला. त्यांनी विमाच काढला नाही.

आमच्या काकांचं उलट. रावपुऱ्यातला वाडा आजोबांनी ज्या किमतीला घेतला तीच रक्कम ते अजून लिहितात, हप्ता कमी पडतो म्हणून. एक प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली आहे, 'भारत गृह रक्षा', आणि घरांचा आगविमा करणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती विकावीच लागते. तिच्यात कमी रकमेचा विमा म्हणून भरपाईला त्या प्रमाणात कात्री लावत नाहीत, हे काकांनी कुठूनसं ऐकलंय. मिळणार मात्र लिहिलेल्या आकड्यापर्यंतच, हे त्यांनी ऐकलेलं नाही. त्या आकड्यात आज वाड्याचा जिना होईल. कठड्यासकट होईल का, शंका आहे.

पॉलिसी वाचू नये. वाचायला घेतलीत तर करमणूक होईल, हा धोका आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, दहशतवाद, फुटलेली टाकी हे सगळं आहेच. शिवाय ज्वालामुखी आहे, त्सुनामी आहे, आणि क्षेपणास्त्राची चाचणी चालू असताना तुमच्या गच्चीचं काही झालं तर तेही आहे. बाहेरची कुठलीही वस्तू येऊन आदळली तरी भरपाई: मोटार, झाड, विमान. मगर ही 'बाहेरची वस्तू' धरायची की नाही, हे तेवढं लिहिलेलं नाही. नुकसान मोजायला येणाऱ्या सर्वेक्षकाला विचारावं, तो हसला तर दावा मंजूर समजावा.

वाचलंच, तर पुढची पानं तरी सोडा. तिथे लिहिलेलं असतं की वाड्याची भिंत वर्षानुवर्षांच्या ओलीनं फुगली तर ते नुकसान नव्हे, ते तिचं वय. शॉर्टसर्किट होऊन टीव्ही आतल्या आत जळाला तर तो टीव्ही तुमचा. उन्हाळ्यात तुम्ही नाशिकला गेलात आणि मागे चोरी झाली, तर पैसे मिळायला तो चोर पुराबरोबर यायला हवा होता. म्हणजे पूर किंवा आगीसारखी घटना घडली, तिच्यामुळे घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच. एरवीच्या चोरीसाठी वेगळा विमा. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. त्याहून अधिक हवं तर यादी द्यावी लागते. आजीच्या पाटल्या त्यात येत नाहीत, त्यांची किंमत ठरवून वेगळ्या लिहाव्या लागतात. पण यादी केली की कुणाकडे काय आहे ते सगळ्या जावांना कळतं. त्यापेक्षा पूर परवडला.

घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची सोय पॉलिसीत असते. ती वापरू नका. मेहुणा मांजलपूरला राहतो, तो कशासाठी आहे?

खर्चाचंही सांगून टाकतो. मामांच्या त्या वीस लाखांच्या घराला वर्षाचा हप्ता नवरात्रात घरातल्या चौघांच्या गरब्याच्या पासांपुढे किरकोळ ठरतो. पास महाग वाटत नाहीत, कारण नऊ रात्री नाचायला मिळतं. विमा घेऊन वर्षभर काहीच होत नाही. ही शुद्ध फसवणूक आहे. एकदम दहा वर्षांपर्यंतचाही घेता येतो, आणि मग रक्कम दर वर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढत जाते. दहा वर्षं काहीच न होण्याचे पैसे आजच भरायचे म्हणजे कमालच.

दाव्याचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या, कारण खरी कामगिरी इथेच करायची असते. पाणी उतरलं की पहिल्या सकाळी भिंतीवरची पाण्याची रेघ घासून काढा. लोक काय म्हणतील! गादी, सोफा, फ्रिज, फुगलेलं कपाट, सगळं दुपारच्या आत रस्त्यावर काढा म्हणजे महापालिकेचा ट्रॅक्टर घेऊन जाईल. फोटो काढू नका. फोन सेव-उसळीच्या फोटोंनी भरलेला असतो. बिलं शोधू नका, ती पाण्यात होती. मग निवांत, गणपती उठल्यावर, कंपनीला कळवा. कळवायचं लगेच असतं आणि दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, पण गणपती मधे असताना कोण फॉर्म भरतो? सर्वेक्षक येईल तेव्हा त्याला लखलखीत, नव्यानं रंगवलेला हॉल दाखवा आणि चहा द्या. तो विचारेल, "नुकसान कुठे आहे?" तुम्ही ट्रॅक्टर गेला त्या दिशेला बोट दाखवा. आमच्याकडे २०१९ ला हे आम्ही अगदी असंच केलं होतं. चहा त्याला आवडला.

दावा नाकारला गेला, तर घरीच चिडा. कंपनीकडे लेखी तक्रार करून, महिनाभर वाट बघून, वर्षाच्या आत अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा मामला ऐकतात. पण ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत ती चांगली कशी असेल, हे बडोद्यात कुणालाही विचारा.

यंदा लेकीनं ऐकलं नाही. तिनं तिथूनच पॉलिसी काढली आणि छापून कुरियरनं पाठवली. आजवा धरणाची पातळी रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर येते, ती वाचून आम्ही सोफा विटांवर चढवलाय. पॉलिसी जपून ठेवली आहे, लोखंडी कपाटाच्या अगदी खालच्या खणात.