मोठे पाउंड, १७०चा आकडा आणि सरळ काठी : लाँगबो निवडण्याच्या चार 'नियमां'चा प्रतिवाद

लाकडी धनुष्यांची आवड असलेल्या मंडळींमध्ये एक छोटा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. हातानं घडवलेला पारंपरिक लाँगबो, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीइतकं लांब धनुष्य, घेण्याआधी काय तपासावं, याचे चार नियम त्यात आहेत. थोडक्यात ते असे (ड्रॉ वेट म्हणजे दोरी पूर्ण ओढून धरायला लागणारा जोर, पाउंडांत; यू हे एक सूचीपर्णी झाड) : "एक, ड्रॉ वेट बघा, पाउंड जितके जास्त तितका बाण जोरात. दोन, बनवणाऱ्याला बाणाचा वेग विचारा. सेकंदाला १७० फुटांच्या खाली असेल तर सोडून द्या. तीन, दोरी उतरवल्यावर धनुष्य काठीसारखं सरळ झालं पाहिजे. बाक राहिला तर लाकूड मेलं. चार, लाकूड यूचंच हवं. बाकी सगळ्या तपासण्या म्हणजे वेळ घालवणं."

या मजकुरावर विसंबून नवख्यांनी उत्तम धनुष्यं नाकारलेली आणि सुमार धनुष्यं हौसेनं घरी नेलेली मी पाहिली आहेत. हातानं घडवलेलं धनुष्य महिनोन्‌महिने वाळवलेल्या लाकडातून, रोज थोडं थोडं तासून तयार होतं. ते असल्या फूटपट्टीनं मोजणं हा घेणाऱ्यावर अन्याय आहे, आणि घडवणाऱ्यावर त्याहून मोठा.

दुसऱ्या नियमापासून सुरुवात करतो, कारण चारांमध्ये तोच सगळ्यात शास्त्रीय वाटतो.

वेग विचारावा, हे बरोबरच आहे. पण किती वजनाचा बाण, किती इंच ओढून, हे सोबत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. बाण सुटतो तेव्हा धनुष्यात साठलेली ऊर्जा एकट्या बाणाला मिळत नाही. भुजांची, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांची, टोकं आणि दोरी हीसुद्धा त्याच क्षणी पळत असतात आणि आपला वाटा घेतात. पॉल क्लॉप्स्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं यासाठी 'आभासी वस्तुमान' अशी कल्पना मांडली : बाणाला आणखी एक ठरावीक वजन चिकटलेलं आहे असं धरून हिशेब करायचा. तो प्रत्यक्षाशी चांगला जुळतो.

आता ५० पाउंडांचं एक धनुष्य घेऊ. समजा, त्याचं आभासी वस्तुमान २०० ग्रेन आहे आणि ५०० ग्रेनचा, म्हणजे साधारण ३२ ग्रॅमचा बाण ते सेकंदाला १५० फूट वेगानं सोडतं. म्हणजे धनुष्य एकूण ७०० ग्रेन पळवतंय. त्याच धनुष्यावर ३५० ग्रेनचा बाण लावला की पळवायचं वजन ५५० ग्रेनवर येतं आणि वेग जातो १६९ फुटांवर. धनुष्य तेच, दोरी तीच, सोडणारा तोच. आधी 'नापास' असलेलं धनुष्य फक्त बाण बदलल्यामुळे जवळजवळ पास झालं!

आणि बाणाला मिळालेली ऊर्जा मात्र कमी झाली. जड बाणाला सुमारे ३४ ज्यूल मिळत होते, हलक्याला ३० मिळाले. उरलेली ऊर्जा भुजांमध्ये राहते, मुठीला झटका देते आणि रोज थोडं थोडं लाकूड थकवते. म्हणजे १७०चा आकडा गाठायला हलके बाण वापरून दाखवणाऱ्यानं तुम्हाला धनुष्याचा गुण दाखवलाच नाही, उलट त्याला त्रास देऊन दाखवला. म्हणूनच लाकडी धनुष्यांची तुलना साधारणपणे दर पाउंडाला १० ग्रेन या हिशेबाच्या बाणानं करतात : ५० पाउंडाला ५०० ग्रेन. त्या बाणानं, २८ इंचांवर, १०० अधिक ड्रॉ वेट इतके फूट वेग मिळाला तर साधं लाकडी धनुष्य चांगलं समजावं, असा धनुष्य घडवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. ५० पाउंडाला १५० फूट. त्या मापानं १७० फूट फक्त ७० पाउंडांच्या धनुष्याकडून अपेक्षित आहेत. १७०च्या खालचं सगळं टाकाऊ ठरवलं, तर ४०-५० पाउंडांची जवळपास सगळी चांगली लाकडी धनुष्यं कचऱ्यात जातील.

ओढीची लांबी हीही तितकीच फसवी. २८ इंचांवर ५० पाउंडांचं धनुष्य २६ इंचांवर सोडलं तर तिथे ते ४५ पाउंडांच्या आसपास असतं, आणि साठलेली ऊर्जा साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होते. वेग दीडशेवरून एकशेपस्तिसाच्या जवळ येतो. शिवाय 'अठ्ठावीस इंच' कुठून मोजले? रूढ पद्धतीत मुठीच्या सगळ्यात खोल बिंदूपासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच, अधिक पावणेदोन इंच, असे अठ्ठावीस धरतात. पण कोणी धनुष्याच्या पाठीपासून (लक्ष्याकडची बाजू) मोजतं, कोणी पोटापासून (ओढणाऱ्याकडची बाजू). लाँगबोची मूठ जाड असते, त्यामुळे तिथेच दोन-तीन पाउंडांचा फरक सहज पडतो. यात लबाडी असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती सवय असते. तुम्ही विचारलं तर बनवणारा सांगतो.

आता पहिला नियम : पाउंड जास्त, बाण जोरात.

वरचाच ठोकताळा लावून बघा. प्रत्येक धनुष्याला त्याच्या प्रमाणातला बाण दिला तर ४० पाउंडांचं १४० फूट देईल, ६० पाउंडांचं १६० फूट. वजन दीडपट झालं, वेग फक्त एक सप्तमांशानं वाढला. जास्त पाउंडांचा खरा फायदा वेगात नाही, जड बाण पेलण्यात आहे. या वादात हमखास पुढे केली जाणारी 'मेरी रोझ' जहाजावरची धनुष्यं हेच सांगतात. ते इंग्लिश युद्धजहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली पाण्याबाहेर काढलं गेलं. त्यात शंभराहून अधिक लाँगबो आणि हजारो बाण मिळाले. त्या धनुष्यांचं ड्रॉ वेट १०० ते १८५ पाउंड असावं, असा अंदाज आहे. पण ती जाडजूड युद्धबाण दूरवर फेकण्यासाठी होती, आणि ती ओढणारी माणसं लहानपणापासून तेच करत आलेली होती. फळीवर नेम धरणाऱ्या आजच्या माणसानं त्यांचा दाखला घेऊन ६० पाउंडांवर उडी मारावी, असं त्यातून काहीच निघत नाही.

उडी मारल्यावर काय होतं, तेही आकड्यांत बघा. ज्याची नैसर्गिक ओढ २८ इंच आहे, त्याला ६० पाउंड जड जातात. तो नकळत २६ इंचांवरच सोडायला लागतो. त्या ओढीवर ६० पाउंडी धनुष्यात जितकी ऊर्जा साठते, ती ५० पाउंडी धनुष्य पूर्ण २८ इंच ओढल्यावर साठणाऱ्या ऊर्जेपेक्षा उलट किंचित कमीच भरते. वर जाड भुजा पळवायच्या, थरथरता खांदा आणि चुकलेला नेम. हे मी माझ्या खांद्यानं शिकलो आहे. पहिलं धनुष्य घेताना दहा पाउंड हौसेनं वाढवून घेतले आणि जवळजवळ वर्षभर अर्धवट ओढीची सवय मोडत बसलो.

शिवाय ५० पाउंडांची दोन धनुष्यं सारखी नसतातच. वजन शेवटी किती आहे यापेक्षा तिथपर्यंत कसं चढलं, ते महत्त्वाचं. साधा वजनकाटा दोरीला अडकवून बनवणाऱ्यासमोर प्रत्येक इंचाला आकडा लिहून घ्या. सुरुवातीच्या इंचांतच चांगलं वजन चढत असेल आणि पुढे दर इंचाला अडीच-तीन पाउंडांची एकसारखी वाढ असेल, तर त्या धनुष्यात ऊर्जा जास्त साठते. सुरुवातीला लुळं आणि शेवटच्या दोन इंचांत एकदम चार-पाच पाउंडांनी अडणारं धनुष्य काट्यावर तेवढंच वजन दाखवेल, पण बाणाला कमी देईल. मग टोकं बघा. शेवटच्या सहा-आठ इंचांत लाकूड विनाकारण जाड ठेवलं असेल, तर सगळ्यात जास्त पळणाऱ्या जागी ओझं आहे. ते वेग खातं आणि मुठीला दणका देतं.

तिसरा नियम मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

लाकूड वाकलं की पोटाकडची बाजू दाबली जाते. तिथले तंतू थोडे चेपतात आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडा बाक धरून राहतं. हा बाक फार असेल तर सुरुवातीच्या इंचांतलं वजन जातं आणि वेग पडतो, हे खरं. पण साध्या लाकडी धनुष्यात दोरी उतरवल्या उतरवल्या इंच-दीड इंच बाक दिसणं हा रोग नव्हे. त्यातला काही भाग तासा-दोन तासांत परत जातो. म्हणून मोजायचं दोनदा : उतरवल्याबरोबर, आणि विश्रांतीनंतर. त्या फरकावरून लाकडाची तब्येत कळते. नुसत्या एका नजरेत ती कळत नाही.

आणि 'सरळ' हा शब्द किती फसवतो! समजा, थर चिकटवताना बनवणाऱ्यानं धनुष्याला उलट्या दिशेला दोन इंच बाक दिला होता आणि आज ते अगदी सरळ दिसतंय. म्हणजे त्या लाकडानं दोन इंच गमावले आहेत. शेजारचं धनुष्य मुळातच इंचभर वाकडं वाढलेल्या लाकडातून काढलेलं आहे, शेकडो बाण सोडूनही तेवढंच इंचभर वाकडं आहे. त्यानं काहीच गमावलेलं नाही. मजकुराच्या नियमानं पहिलं पास आणि दुसरं 'मेलेलं'. म्हणून प्रश्न असा विचारा : दोरी लावण्याआधी याचा आकार काय होता, आणि आतापर्यंत पूर्ण ओढीवर किती बाण सोडलेत? ज्या धनुष्यानं अजून वीस बाणही सोडलेले नाहीत, त्याचा सरळपणा कोरा कागद आहे. शंभर-दोनशे बाणांनंतर धनुष्य स्थिरावतं. त्यात ते दोन-तीन पाउंड उतरूही शकतं.

बाक कुठे आहे, हेही बघावं. मुठीजवळचा छोटासा कोन टोकाशी मोठा दिसतो आणि जास्त नुकसान करतो. दोन्ही भुजांत सारखा पसरलेला हलका बाक मला कधीच घाबरवत नाही. एकाच जागी मोडल्यासारखा बाक मात्र ओढून बघायच्याही आधी धनुष्य खाली ठेवायला लावतो. तिथे बिजागरी तयार झालेली असते. त्या जागेच्या पोटावर तिरपा प्रकाश पाडा. तंतूंना आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर लाकूड तिथे चुरडलं आहे, आणि ते कशानंही परत येत नाही. पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा. तो अडकला तर कुसळ उठलेलं आहे. पाठीवरचं वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे का, गाठींभोवती लाकूड जपून ठेवलं आहे का, हेही बघा. चार नियमांत यातल्या एकाचंही नाव नाही. धनुष्य तुटतं ते मात्र बहुधा यातल्याच एखाद्या कारणानं.

पूर्ण ओढीवर बाजूनं काढलेला फोटो मागा. त्यात दोन्ही भुजा आरशातल्यासारख्या सारख्या दिसायला हव्यात, अशी अपेक्षा मात्र नको. नैसर्गिक लाकूड नागमोडी असतं, गाठीपाशी ते मुद्दाम ताठ ठेवतात, आणि खालची भुजा किंचित ताठ असणं ही सर्रास वापरातली रचना आहे. शोधायची ती बिजागरी आणि तिच्या शेजारची मुळीच न वाकणारी जागा. स्वतः ओढून बघायचं असेल तर बनवणाऱ्यानं सांगितलेल्या लांबीच्या पुढे एक इंचही नको, आणि बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, कधीच नाही. त्या वेळी सगळी ऊर्जा भुजांनाच सोसावी लागते.

चौथ्या नियमाला फार वेळ द्यायची गरज नाही. यू उत्तम लाकूड आहे : बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतला गाभा दाब सोसतो, निसर्गानंच दोन थर जोडून दिल्यासारखं. पण डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्मची आहेत. ऑसेज ऑरेंज दाब सोसण्यात यूच्या तोडीस तोड, हिकरीची पाठ सहसा तुटत नाही, अ‍ॅशचीही चांगली धनुष्यं होतात. ज्या लाकडाला दाब कमी सोसतो, त्याची भुजा रुंद आणि पोट सपाट ठेवायचं, एवढंच. बनवणाऱ्यानं लाकूड ओळखून आकार ठरवलाय का, हा खरा प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न ओलाव्याचा. लाकडात ८ ते १० टक्के ओलावा असताना घडवलेलं हिकरीचं धनुष्य दमट हवेत राहिलं तर मऊ पडतं आणि भराभर बाक धरतं. फार कोरडं पडलेलं लाकूड तुटतं. तेव्हा जातीच्या नावाआधी लाकूड किती वाळवलं आणि कुठे ठेवलं, ते विचारा.

राहिली शेवटची ओळ, 'बाकी म्हणजे वेळ घालवणं'. त्या 'बाकी'मध्ये सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती बाणाच्या ताठपणाची, म्हणजे स्पाइनची. लाँगबोवर बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो. सुटताना तो वाकून मुठीला वळसा घालतो. धनुष्याला न जुळणारा बाण उजवी-डावी भरकटतो, मुठीवर आपटतो, आणि दोष धनुष्याला मिळतो. म्हणून बघायला जाताना स्वतःचे, वजन माहीत असलेले, दोन-तीन वेगवेगळ्या स्पाइनचे बाण न्या. क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजणारं यंत्र, असेल तर दहा-बारा बाण सोडा आणि सगळ्यात मोठा आकडा सोडून मधला आकडा लिहून ठेवा. आकड्यांमधला फरकही लिहा. तो बहुतेक तुमच्या दोरी सोडण्यातला असतो. क्रोनोग्राफ नसेल तर ओळखीचं एखादं धनुष्य सोबत न्या. तोच बाण, तेच अंतर, तीच नजर ठेवून दोन्हीतून सोडा आणि बाण किती खाली लागतो ते मोजा. मग दोरी उतरवा, बाक मोजा, बनवणाऱ्याशी तासभर लाकडाबद्दल बोला, आणि बाक पुन्हा मोजा.