एक झाकण जिवाणू आणि ‘खत कायमचं बंद’

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बाल्कनीतल्या झाडांचा एक ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात तिथे एकच मेसेज तिघांनी टाकला. तोच मेसेज साताऱ्याहून मामेभावानेही पाठवला, म्हणजे आता तो उसाच्या फडापर्यंत पोचलाय. मजकूर साधारण असा: ‘हवेत ७८ टक्के नत्र फुकट पडलाय. एक झाकण जिवाणू बादलीभर पाण्यात घाला, कुठल्याही झाडाला द्या, युरिया-डीएपी कायमचं बंद! जिवाणू स्फुरद तयार करतात, सगळे रोग मारतात. नैसर्गिक आहे, कितीही घाला, अपाय शून्य.’

मी गेली काही वर्षं जिवाणू खतं वापरते आणि मला त्यांचा उपयोगही होतो. म्हणूनच हे वाचून जास्त चिडचिड झाली. असल्या बढाया ऐकून माणूस एकदा बाटली आणतो, फसतो आणि मग चांगल्या गोष्टीलाही कायमची नावं ठेवतो.

हवेत ७८ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, आहे, इथपर्यंत खरं. फुकट मात्र काहीच नाही. नत्राच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की एक रेणू फोडायला जिवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, निदान १६ रेणू खर्चावे लागतात. हा खर्च कोण देतं? कडधान्यांत झाड देतं, आपल्या साखरेतून. रायझोबियम हा जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहतो, साखर खातो आणि बदल्यात नत्र देतो. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली गाठींतला हा जिवाणू वेगळा करून दाखवला.

हे घरीही बघता येतं. मागच्या ऑगस्टमध्ये कुंडीतली चवळी हलक्या हाताने उपटली आणि मुळं बादलीत खळबळून धुतली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली तर आत लाल पेरूसारखा गुलाबी रंग. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊच तो. नत्र पकडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हा रंगद्रव्याचा पहारेकरी मोकळा ऑक्सिजन आवरून धरतो. दुसरी गाठ मात्र आतून पांढरट निघाली, म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू.

आता ‘कुठल्याही झाडाला’. गुलाबाला, मिरचीला, मोगऱ्याला अशा गाठी येतच नाहीत. कडधान्यांतही प्रत्येकाचा जिवाणू ठरलेला असतो. सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही, म्हणून तर पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं.

राहिले अझोटोबॅक्टर आणि अझोस्पिरिलम, गाठींशिवाय जगणारे. त्यांच्याकडून हेक्टरी फार तर २० किलोच्या आसपास नत्र मिळतो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास तेवढाच असतो. ‘सुरू’ हंगामातल्या उसाला नत्राची शिफारस आहे हेक्टरी २५० किलो! मामेभावाला मी एवढंच लिहिलं: जिवाणू बेण्याला जरूर लाव, युरिया थोडा कमी कर, पण बंद केलास तर ऊस पिवळा पडेल. शिवाय अझोस्पिरिलमचा बराचसा फायदा नत्राचा नसतोच. तो मुळं वाढवणारी संप्रेरकं सोडतो, मुळं फुटतात आणि झाड जास्त माती चाचपतं.

‘स्फुरद तयार करतात’ हे तर निव्वळ थोतांड. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हे मूलद्रव्य आहे, कुठलाही जीव ते घडवू शकत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्लं सोडून मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. खात्यात पैसे असतील तर काढून देतील, शिल्लक शून्य असेल तर बँकेत जाऊन काय उपयोग? कुंडीत नुसतं कोकोपीट भरलं असेल तर जवळपास हीच गत. त्यात मुंबईत नर्सरीवाले जी कोकणातली लाल माती देतात, तिच्यात स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधलेला असतो. चुन्याशी बांधलेल्या स्फुरदासारखा तो आम्लाने सहज सुटत नाही. शेणखत किंवा गांडूळखत घालावंच लागतं.

रोगांचं म्हणाल तर मेसेजमध्ये पुढे उदाहरण ट्रायकोडर्माचं दिलंय, आणि ती बुरशी आहे, जिवाणू नव्हे! असो. काही स्यूडोमोनास जिवाणू खरंच मुळांशी लोह पळवून रोगट बुरशीची उपासमार करतात. पण टोमॅटो-वांग्याचा एक मर रोग स्वतःच मातीतल्या जिवाणूमुळे होतो, रालस्टोनियामुळे. माझा टोमॅटो सकाळी टवटवीत होता आणि दुपारी पानं हिरवीच असताना मान टाकून बसला. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात टांगला, तर काही मिनिटांत दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला. तो धागा म्हणजे जिवाणूच, आणि तेही शंभर टक्के नैसर्गिक.

‘कितीही घाला’? ज्या मातीत सेंद्रिय पदार्थ नाही, तिथे जास्त घातले तर जास्त उपाशी मरतील. आणि जुलैत भोक बुजून कुंडीत पाणी साचलं की जिवाणूंची वेगळीच फौज कामाला लागते. ती मातीतला नायट्रेट फोडून नत्र पुन्हा हवेत सोडून देते, त्याच ७८ टक्क्यांत.

मेसेज टाकणाऱ्या बी विंगच्या काकांनी बाटली दाखवायला आणली. द्रवरूप खतात मिलिलिटरमागे निदान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा सरकारी नियम आहे. बाटलीवर तेवढेच छापले होते, पण मुदत मार्चमध्ये संपलेली, आणि काकांनी ती अख्खा मे महिना पश्चिमेच्या उन्हात ग्रिलवर ठेवलेली.

‘मग आता हे घालू की फेकू?’ काकांनी विचारलं.

‘घाला हो काका,’ म्हटलं, ‘पाणी म्हणून चालेल. सोबत दोन मुठी शेणखत तेवढं टाका.’