'ईस्ट इज ईस्ट'च्या विनोदावर घेतलेला आक्षेप मला मान्य नाही

१९९९ साली आलेल्या या छोट्या ब्रिटिश सिनेमाचं कौतुक भरपूर झालं. सुमारे १९ लाख पौंडांत बनलेला, चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीच्या फिल्मफोर या चित्रपट शाखेच्या पैशावर उभा राहिलेला, आणि सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश फिल्म अकादमीचा पुरस्कार, मिळवणारा. तरी एक तक्रार तेव्हापासून आजवर ऐकू येते: अर्धा वेळ हसवतो आणि मग अचानक बायकोला मारहाण, हा सूर जमला नाही.

मला ही तक्रार अजिबात पटत नाही. इंग्लंडमधलं सॅल्फर्ड, १९७१. पाकिस्तानी जॉर्ज खान, त्याची इंग्रज बायको एला, त्यांचं फिश अँड चिप्सचं दुकान, घरात पोरांची फौज. पोरं ख्रिस्ती मिरवणुकीत क्रूस घेऊन चाललीयत, तेवढ्यात बाप समोर दिसतो आणि सगळी गल्लीत पळतात. बाप बाहेर गेला की चोरून बेकन तळायचं, मग वास जायला फवारे मारायचे. आपण हसतो, पण पोरं कशामुळे पळतायत? धाकामुळेच ना? पुढे जॉर्ज आपल्या मुलाला, मनीरला, बडवतो, मध्ये पडलेल्या एलालाही सोडत नाही, तेव्हा सिनेमा बदललेला नसतो. आपण ज्यावर हसत होतो तेच जवळून दिसतं. अयूब खान-दीन यांनी आपल्याच बालपणावरून आधी नाटक आणि मग पटकथा लिहिली. मार खाणाऱ्या घरातही पोरं खिदळतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुसलमान बाप म्हणजे जुलमी, हा गोऱ्या प्रेक्षकांचा समज हा सिनेमा पक्का करतो, असं अनेक ब्रिटिश आशियाई लोकांना वाटलं. त्यांचं दुखणं खरं आहे, आणि 'धमाल कौटुंबिक विनोद' अशी जाहिरात करणाऱ्यांनी त्यात भरच घातली. पण ओम पुरींचा जॉर्ज नीट बघा. स्थलांतरितांच्या विरोधातला ब्रिटिश राजकारणी इनॉक पॉवेल त्याला परत पाठवायला निघालाय, तिकडे त्याचा देश दुभंगतोय, आणि स्वतः गोरी बायको केलेला हा माणूस मुलांसाठी मात्र पाकिस्तानी सुना शोधतोय. पोरगा तोंडावर ते विचारतो तेव्हा त्याच्याकडे उत्तर नसतं, हात उगारणं तेवढं असतं. ओम पुरी त्याला माफ करत नाहीत, पण त्याचा राक्षसही करत नाहीत.

या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टाचं नामांकन होतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या आणि मराठी 'घाशीराम कोतवाल'मधून पडद्यावर आलेल्या या नटाबद्दल आपण बोलतो तेव्हा 'अर्धसत्य'पाशीच थांबतो. जॉर्ज खान त्याच्या शेजारी बसायला हवा, एक पायरी खाली नाही.