सरकारी मसुद्यांवर लोकांच्या हरकती मागवता ना, मग त्या दाखवा की!

फ्री बेसिक्स आठवतंय? निवडक वेबसाइट फुकट देणारी फेसबुकची योजना. डिसेंबर 2015. इथेच, फेसबुकवर, एक बटण दाबा म्हणून सगळ्यांच्या मागे लागले होते. दाबलं की तुमच्या नावाने ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, तयार मेल. असे लाखो मेल गेले. ट्रायचे प्रश्न होते चार, मुख्य म्हणजे वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे दर वेगळे असावेत का. मेलमध्ये नुसता पाठिंबा, उत्तरं नाहीतच. ट्रायने फेसबुकला पत्र लिहून सुनावलं की आम्ही मुद्दे मागवलेत, मतमोजणी नाही. आणि 8 फेब्रुवारी 2016 ला असे भेदभावाचे दर बंद करून टाकले. (हो, हेही फेसबुकवरच लिहितोय. जाणार कुठे!)

हे जमलं कारण सगळं उघड होतं. कोणत्या कंपनीने काय लिहिलं हे ट्रायच्या वेबसाइटवर कुणीही वाचावं, त्यावर उलट उत्तर द्यावं, मग खुली चर्चा. एप्रिल 2015 मध्ये याच ट्रायने सूचना पाठवणाऱ्या लोकांचे ईमेल पत्तेही जगजाहीर केले होते, तो शुद्ध गाढवपणा. पण पत्ता झाकता येतो, त्यासाठी मुद्दा कशाला झाकायचा?

आता आयटी मंत्रालयाची तऱ्हा बघा. 3 जानेवारी 2025 ला डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला. सूचना पाठवा म्हणाले, पण कुणी काय पाठवलं ते कुणालाच दाखवणार नाही. का, तर लोकांना मोकळेपणाने लिहिता यावं! नियम पक्के झाल्यावर नावं वगळून सारांश देऊ म्हणाले. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम पक्केही झाले. वरातीमागून घोडं.

सामान्य माणसाचं नाव खुशाल झाका. पण ज्या कंपन्यांकडे आपला डेटा पडून आहे त्यांनी कोणतं कलम सैल करायला सांगितलं, हे आपल्याला कळायला नको? आणि मूळ कायदा तरी कोणता? ज्याच्या 44(3) कलमाने माहिती अधिकारात वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणं सोपं करून ठेवलंय, तोच 2023 चा डेटा संरक्षण कायदा. ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी उपोषणं झाली, तिथे यावर किती बोललं गेलं?

शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेतली तर निदान सुनावणीला बोलावतात. इथे पोच मिळाली की संपलं.

नवीन काही मागतच नाहीये मी. केंद्राचंच 2014 चं धोरण आहे: मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवा, आलेल्या सूचनांचा सारांश वेबसाइटवर टाका. तो सारांश नियम पक्के व्हायच्या आधी टाकायला हवा होता आणि त्यात कंपन्यांची नावं असायला हवी होती, एवढंच म्हणणं आहे.