गिऱ्हाईक मिळतं, सह्या मिळत नाहीत

‘गोव्यात घर विकायला काढलं की हातोहात जातं’ हे लेखातलं म्हणणं बार्देश तालुक्यातल्या नव्या फ्लॅटपुरतं ठीक. आमच्या डिचोलीतल्या वडिलोपार्जित घराला गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं, सह्या मिळेनात! इथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणजे लग्न झालेली भावंडं ५ तर सह्या १०. त्यात आजोबांची इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देणारी कोर्टाची प्रक्रिया) झालेली नव्हती, जमिनीच्या १/१४ च्या उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव. एक आत्या लिस्बनला. (तिचं मुखत्यारपत्र येईस्तोवर गिऱ्हाईकाने पर्वरीत फ्लॅट घेतलासुद्धा.)

आणि मुंडकाराचा (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा, ज्याला कायद्याने सहज हटवता येत नाही) विषय लेखात का नाही? आवारात मुंडकाराचं घर दिसलं की बाहेरचा खरेदीदार चहा न घेताच उठतो. आमचं घर ३ वर्षं तसंच आहे. पावसाआधी छपराचे नळे (कौलं) परतायला दरवर्षी मीच जातो.